वाघाचे खांदे

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा जनावरांना बोलता येत असे. आणि बोलता येणाऱ्या सगळ्यांसारखीच तीही नको तिथे जास्त आणि हवं तिथे कमी बोलत.

एका रानात, पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक मोठा कातळ होता. त्या कातळावर दर उन्हाळ्यात वाघाचं चित्र काढायची रीत होती. पावसात ते धुऊन जाई, पुढच्या उन्हाळ्यात नवं निघे. हे चित्र काही शोभेसाठी नव्हतं. त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांना तिथे आणायचं आणि सांगायचं, "बाळांनो, हा वाघ. असा दिसला की पळायचं." वाघ ओळखायला प्रत्यक्ष वाघाकडूनच शिकायचं म्हटलं, तर तो धडा एकदाच मिळतो ना!

बरीच वर्षं हे काम एक म्हातारं अस्वल करत असे. ते गेलं आणि काम साळिंदराकडे आलं. साळिंदराचा हात चांगला होता. स्वतःच्याच गळालेल्या काट्यांनी तो रेघा ओढी, त्यात गेरू आणि पळसाच्या फुलांचा रंग भरी. पण हे त्याचं पहिलंच चित्र होतं.

चित्र पुरं झालं आणि सारं रान बघायला लोटलं. कातळावरचा वाघ चार पायांवर ताठ उभा होता. छाती पुढे, मान वर, आणि जबडा उघडून डरकाळी फोडत होता.

मोर म्हणाला, "वाहवा! काय ते रंग! असा चित्रकार सात रानं धुंडाळली तरी सापडायचा नाही!" खरं म्हणजे मोराने वाघाकडे धड पाहिलंही नव्हतं. तो आपल्या पिसाऱ्याशी रंग ताडून बघत होता. पण साळिंदराला त्याने पार हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

तेवढ्यात कावळा म्हणाला, "छ्या! ह्याला वाघ म्हणतात? मला तर फुगलेला बोका दिसतोय. अस्वलाची सर कुणाला यायची!" नेमकं काय चुकलंय असं कुणी विचारलं असतं, तर कावळ्याला सांगता आलं नसतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, एवढंच त्याचं काम.

साळिंदराचे काटे सळसळून उभे राहिले. त्याने सगळ्यांकडे पाठ फिरवली. साळिंदराची जातच अशी, चिडली की पाठ फिरवते, आणि त्या पाठीजवळ जायची वाघाचीही छाती होत नाही.

गर्दीत एक हरिणी होती. तिचं पाडस तिच्या पायांशी उभं होतं. लहानपणी ही हरिणी वाघाच्या तावडीतून थोडक्यात वाचली होती, म्हणून चित्र बघताक्षणी तिला कळलं की यात काहीतरी राहिलंय. ती सांगणारही होती. पण समोर ते काटे बघितले आणि तिने ते वाक्य गिळलं. "छान आहे हो," एवढंच पुटपुटून ती पाडसाला घेऊन निघाली.

उन्हाळा वाढला. बाकीचे झरे आटले आणि तो एकच पाणवठा उरला. एका सकाळी पाडस आईच्या थोडं पुढे धावत पाण्याकडे निघालं. पिवळ्या गवतात त्याला काहीतरी दिसलं. बुटकं, लांबट, पडलेल्या ओंडक्यासारखं. उभा वाघ काही दिसला नाही, उघडा जबडा दिसला नाही. पाडस बिनधास्त पुढे गेलं.

झाडावरून वानर ओरडलं आणि त्याच क्षणी ओंडक्याने झेप घेतली. पाडस उलटं फिरून पळालं. त्याच्या मागच्या पायाला नखांचा ओरखडा आला, पण जीव वाचला. आईच्या कुशीत शिरून ते थरथरत म्हणालं, "आई, तो चित्रातल्यासारखा नव्हता गं."

हरिणीच्या काळजाचं पाणी झालं. आपण त्या दिवशी गिळलेलं वाक्य आपल्याच लेकराच्या जिवावर उठलं होतं, हे तिला स्पष्ट दिसलं.

बातमी पसरली. जो तो कातळाकडे धावला. "तुझ्या चित्रापायी पोर गेलं असतं!" रानडुक्कर ओरडलं. "मी तेव्हाच म्हटलं होतं!" कावळा म्हणाला. मोर मात्र कुठे दिसेना. साळिंदर सगळे काटे उभारून, पाठ करून बसला होता. गर्दी पांगल्यावर त्याने चिखलाचा गोळा उचलला आणि तो चित्र पुसायला निघाला.

"साळोबा, थांबा," हरिणी म्हणाली.

"तुम्हीही आलात का, हरणाबाई? बोला, तुमचंच राहिलंय."

हरिणी त्याच्या पाठीमागे उभी राहिली नाही आणि त्याच्या समोरही आली नाही. ती वळसा घालून गेली आणि त्याच्या शेजारी बसली. दोघांचीही तोंडं चित्राकडे होती. काटे असतात पाठीला, शेजारी बसणाऱ्याला ते फारसे टोचत नाहीत.

"त्या दिवशी मी छान म्हटलं ना, ते अर्धंच होतं," ती म्हणाली. "उरलेलं अर्धं मी भीतीने गिळलं. ती चूक माझी. पण जे म्हटलं ते खोटं नव्हतं. हे डोळे बघा. असे डोळे मी आयुष्यात एकदाच पाहिलेत, आणि ते असेच होते. अजून बघितले की मला पळावंसं वाटतं."

साळिंदराच्या हातातला चिखलाचा गोळा खाली आला.

"एक गोष्ट मात्र पटत नाही. सांगू का?"

काटे पुन्हा सळसळले.  हरिणीला घाई होती, उद्या पाडसाला पुन्हा त्याच पाण्यावर न्यायचं होतं. पण काटे आडवे होईपर्यंत ती काही बोलली नाही.

शेवटी साळिंदर म्हणाला, "सांगा."

"हा वाघ खरा आहे, पण तो आम्हाला भेटत नाही. डरकाळी फोडणारा वाघ शिकार करत नसतो, आणि शिकार करणारा डरकाळी फोडत नाही. आम्हाला भेटतो तो बसका असतो. त्याचे खांदे…" हरिणीने खूर उचलून हवेत काहीतरी दाखवलं. "मला नाही बाई काढता येत. पण चला, दाखवते."

तिने त्याला करवंदीच्या जाळीपाशी नेलं. तिथे एक रानमांजर सरड्यावर टपून बसलं होतं. पोट जमिनीला टेकलेलं, मान पुढे ताणलेली. साळिंदर एकटक बघत राहिला. मग त्याने एक काटा उचलून मातीत रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली.

"अरेच्चा!" तो एकदम म्हणाला. "खांदे पाठीपेक्षा वर!"

"तेच तर!"

सरडा पळाला, मांजर दोघांवर फिस्कारलं, पण साळिंदराला त्याचं काय! तो धावतच कातळाकडे निघाला होता.

उन्हं कलेपर्यंत नवा वाघ तयार झाला. गवतात दबलेला, पोट जमिनीला लागलेलं, खांद्यांची दोन टोकं पाठीच्या वर आलेली. डोळे मात्र तेच ठेवले होते. साळिंदर मागे सरला आणि आपणहून म्हणाला, "अजून काही?"

"शेपटीचं टोक. तेवढंच हलतं त्याचं."

"मग हे मघाशीच नाही का सांगायचं!"

"मघाशी सगळं एकदम सांगितलं असतं, तर तुम्ही पाठ फिरवली असतीत."

साळिंदर ओशाळून हसला आणि त्याने शेपटीच्या टोकाशी दोन रेघा जास्त ओढल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या आयांनी पिल्लांना नवं चित्र दाखवलं आणि कळप पाण्याकडे निघाला. साळिंदरही गुपचूप मागोमाग येऊन एका दगडाआड बसला. हरिणीचं सगळं लक्ष पुढे चालणाऱ्या त्या लंगडणाऱ्या पाडसाकडे होतं.

पाडस थबकलं. गवताकडे बघत त्याने पाय आपटला आणि ते ओरडलं, "आई, खांदे! खांदे!"

सगळा कळप उधळला. कुणी पडलं नाही, कुणी मागे राहिलं नाही. बघता बघता सगळे टेकाडावर सुखरूप पोचले. हरिणीने पाडसाला चाटून चाटून ओलं केलं, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

खाली गवतात वाघाच्या लक्षात आलं की आपण ओळखले गेलो. आता लपून काय फायदा! तो चार पायांवर ताठ उभा राहिला, छाती पुढे काढली, आणि जबडा उघडून रागाने डरकाळी फोडली. अगदी पहिल्या चित्रातल्यासारखी.

साळिंदर धापा टाकत टेकाडावर आला. "बघितलंत ना, हरणाबाई? माझं पहिलं चित्र चुकीचं नव्हतं. जरा नंतरचं होतं, इतकंच!"

हरिणी इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. किती दिवसांनी ती अशी मोकळी हसत होती. पाडसही हसत साळिंदराला जाऊन बिलगलं, आणि नवल म्हणजे त्याला एकही काटा टोचला नाही.

तेव्हापासून त्या रानात चित्र बघायची रीतच बदलली. ज्याला काही सांगायचं असेल त्याने साळिंदराच्या शेजारी बसायचं आणि चित्राकडे बघून बोलायचं. मोराला आणि कावळ्याला हे फार जड गेलं. त्यांना पहिल्यांदाच चित्र नीट बघावं लागलं.

तात्पर्य : पोकळ वाहवा आणि नुसती नावं ठेवणं दोन्ही सोपं, पण कलेचं भलं तोच करतो, जो शेजारी बसून काय साधलंय आणि काय राहिलंय ते नेमकं सांगतो.