सशाची मोजणी

गावोगाव वीज नुकतीच पोचत होती, तेव्हाची गोष्ट. प्राण्यांसाठी राखलेल्या माळावर एक लोखंडी मनोरा आला आणि म्हणाला, “मला फक्त चार पाय टेकवायला जागा द्या.”

माळ सगळ्यांचा, म्हणून सभा बसली. मोजणीचं काम सशाकडे असे. त्याने उड्या मारून जागा मोजली. “जेमतेम चार उड्या!”

“बाबा रे, पण तुझे हात कुठे असणार?” म्हाताऱ्या माळढोक पक्ष्याने मनोऱ्याला विचारलं.

“वर, हवेत. तारा धरून.”

“हवा कधी कोणी मोजतं का?” काळवीट हसला. सगळ्यांनी होकार दिला.

थंडीतल्या पहिल्याच धुक्यात माळढोक तारेवर आदळून पडला, तो उठलाच नाही.

“मोजणी चुकली,” काळवीट सशाला हळूच म्हणाला. “पुन्हा मोज.”

सशाने जीव खाऊन उड्या मारल्या. एकही तारेपर्यंत पोचली नाही.