दिवे चार, खेळ किती?

"महाराज, ही बाई लबाडी करतेय! एका नावावर चार-चार खेळ दाखवतेय!"

भर दरबारात केसोबुवा ओरडले. केसोबुवा म्हणजे सोनवळचे मानाचे बाहुलीवाले. दर वर्षी सुगी संपली की भैरवराजे खेळांची चढाओढ लावायचे, आणि सात वर्षं मानाचा शेला बुवांच्याच खांद्यावर पडायचा. शेल्यालासुद्धा त्या खांद्याची सवय झाली होती म्हणा ना!

यंदा मात्र आनशी आली. चित्रांची जाडजूड पोथी मांडीवर उभी धरायची आणि एकेक पान उलटत गोष्ट सांगायची, हा तिचा धंदा. पोथी आज्याने रंगवलेली. घर चालायचं ते त्या पोथीवरच. तिची मैना नावाच्या पोरीची गोष्ट चार संध्याकाळची. तीन झाल्या होत्या, आणि तेवढ्यात गावातल्या बायका तव्यावरची भाकरी करपेपर्यंत मैनेचंच बोलायला लागल्या होत्या. बुवांच्या पोटात दुखलं ते त्यामुळे!

"नियम काय सांगतो?" बुवा म्हणाले. "एकाने एकच खेळ दाखवायचा. दिव्यातलं तेल सरलं, दिवा विझला, की खेळ संपला. हिचे तीन दिवे विझले, म्हणजे तीन खेळ झाले. आज चौथा! माझ्या बाहुल्या बघा, एका दिव्यात लढाईही होते आणि लग्नही!"

"होतं हो बुवा," आनशी म्हणाली, "आणि त्याच दिव्यात निम्मं गाव घोरायलाही लागतं!"

दरबार फिसकन हसला. भैरवराजांनाही हसू येत होतं, पण ते मिशीत दाबलं. नियम त्यांच्या पणजोबांचा होता. आणि राजे स्वभावाने असे, की एकदा 'नाही' म्हटलं तर स्वतःच्या भुकेलासुद्धा 'नाही' म्हणतील!

"महाराज, गोष्ट एकच आहे," आनशी म्हणाली.

"दिवे किती?"

"चार."

"मग संपलं! आजचा खेळ बंद." राजे जरा थांबले. मग म्हणाले, "पण तुला एक संधी देतो. उद्या सकाळी ये आणि हा खेळ एकच आहे असं माझ्या तोंडून वदवून घे. मात्र माझ्या नियमाविरुद्ध एक अक्षर बोलायचं नाही. बोललीस, तर तू चढाओढीतून बाद आणि तुझी पोथी आमच्या कोठीत!"

आता सांगा, राजाशी वाद घालायचा नाही आणि वाद जिंकायचा! कसं व्हायचं?

आनशी घरी आली आणि पोथी पुढ्यात घेऊन बसून राहिली. दिवेलागणीला दारात राजांचा हुजऱ्या हजर.

"सहज आलो होतो," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "ती मैना... वाचते का गं शेवटी?"

"तुम्हाला कशाला पंचाईत?"

"मला नाही गं बाई! वाड्यावर एक जण जेवायला बसलेत, पण घास काही उतरत नाही."

"कोण?"

"नाव सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे."

आनशीने पटकन तोंडाला पदर लावला. हुजऱ्या गेला आणि ती निवांत झोपली.

सकाळी दरबार गच्च भरला. बुवा तर शेल्यासाठी खांदा झटकूनच आले होते.

"बोल," राजे म्हणाले.

"महाराजांचं अगदी खरं आहे," आनशी हात जोडून म्हणाली. "दिवा विझला, खेळ संपला. माझे तीन खेळ झाले नि तिन्ही संपले. चिटणीसकाका, घ्या वहीत लिहून."

बुवा खूश! चिटणिसांनी खेळांची वही उघडली. त्या वहीत प्रत्येक खेळाचं नाव आणि शेवट लिहायची दरबारची जुनी रीत होती.

"पहिला खेळ. शेवट काय लिहू?"

"लिहा, मैना फणसाच्या झाडावर, खाली वाघ. समाप्त."

राजे गादीवर चुळबुळले. "समाप्त कसं? वाघ तर दुसऱ्या दिवशी ढोल ऐकून पळाला की!"

"तो दुसरा खेळ, महाराज. नियमाने त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

"दुसऱ्याचा शेवट?" चिटणिसांनी विचारलं.

"मैना चोराच्या होडीत बसली. तो चोर आहे हे तिला माहीत नाही. समाप्त."

"अगं, पण..." राजे म्हणाले आणि मिशी चावायला लागले.

"तिसऱ्याचा?"

"होडी भोवऱ्यात सापडली. चोराने उडी टाकली. मैनेला पोहता येत नाही. समाप्त."

आनशीने पोथीला फडकं गुंडाळलं, गाठ मारली आणि ती उठली. "येते महाराज. खेळ संपले, माझं काम संपलं."

"थांब!" राजे ताडकन उभे राहिले. "जातेस कुठे? मैना मधेच बुडतेय तिकडे! असा कुठे खेळ संपतो?"

"कुठला खेळ, महाराज? पहिला, दुसरा की तिसरा?"

"पहिला नाही, दुसरा नाही नि तिसरा नाही! अगं, सगळा मिळून एकच खेळ ना तो! आणि तो अजून संपलेला नाही!"

चिटणिसांनी वहीतून मान वर करून राजांकडे पाहिलं.

"मी काही बोलले नाही हं," आनशी हळूच म्हणाली. "चिटणीसकाका, महाराज काय म्हणाले ते घ्या लिहून."

राजांनी डोळे वटारले, मग कपाळावर हात मारून घेतला आणि मग असे काही हसले, असे हसले, की पगडी कानावर आली!

"जिंकलीस, पोरी! यंदाचा शेला हिच्या खांद्यावर घाला रे. आणि कोठीतली ती मोठी समई हिला द्या रे, चार संध्याकाळचं तेल मावेल अशी! म्हणजे पुन्हा कोणी दिवे मोजायला नको." मग ते पुढे वाकून कुजबुजले, "आता सांग तरी, मैना वाचते ना?"

"संध्याकाळी समई लागली की कळेल, महाराज. पुढची जागा हवी असेल तर लवकर या!"

राजे पुन्हा खदखदून हसले.

त्या दिवशी ऊन उतरायच्या आधीच महाराज स्वतःची घोंगडी काखेत मारून खेळाच्या चौकात पोहोचले. पण पुढची जागा काही मिळाली नाही. तिथे केसोबुवा दुपारपासून बसले होते!