आग्रही ताट

एका राज्यात ‘पुरे’ हा शब्द होता, पण त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. पंगतीत पाहुण्याने ‘पुरे’ म्हटलं की वाढणारा समजायचा, याला अजून हवं आहे. पाहुण्याने पानावर दोन्ही हात आडवे धरले, तर बोटांच्या फटीतून तूप ओतलं जायचं. जेवून उठलेला माणूस भिंतीला धरत धरत घरी गेला, की यजमानाला कृतकृत्य वाटायचं. असं ते आग्रहाचं राज्य. पृथुसेन तिथला राजा, आणि आग्रहात ज्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं अशा सौदामिनी त्याच्या राणीसाहेब.

पृथुसेन शूर होता. डोंगरापलीकडच्या कराळ मांत्रिकाला त्याने लढाईत हरवलं आणि त्याची गुहा लुटली. गुहेत माणकं होती, पोवळी होती, आणि सगळ्यांच्या तळाशी एक सोन्याचं ताट होतं. मांत्रिक हात जोडून म्हणाला, “राजा, बाकी सगळं ने. ताट तेवढं ठेव.” आता राजाला असं सांगितल्यावर राजा काय उचलणार? त्याने आधी ताटच उचललं.

मांत्रिक मिशीतल्या मिशीत हसला. म्हणाला, “नेलंस? मग ऐक. या ताटावर बसेल तो तृप्त होणार नाही, आणि तृप्त झाल्यावाचून ताट त्याला सोडणार नाही. तो खात जाईल आणि झिजत जाईल. ज्या दिवशी त्याच्या हातातली राजमुद्रा गळून पडेल, त्या दिवशी राज्य माझं.”

राजाने हे हसण्यावारी नेलं. महाली येऊन ताट मांडलं, तर ते आपोआप भरलं आणि गोड आवाजात बोललं, “घ्या ना महाराज. आमची शपथ आहे.” ते राज्यच तसं, त्यामुळे ताट बोललं याचं कुणाला नवल वाटलं नाही. उलट राणीसाहेब म्हणाल्या, “ताट मोठं घरंदाज दिसतं!”

पण राजा खाई आणि अन्न अंगी लागेना. सकाळी खाई, दुपारी खाई, न्यायनिवाडा करता करता खाई. गाल बसले, हाडं वर आली. राजमुद्रेची अंगठी अनामिकेतून निसटायला लागली म्हणून मधल्या बोटात घातली, तिथून डाव्या अंगठ्यात आली, आणि तिथेही दोरा गुंडाळावा लागला.

तीन वैद्य आले. एकाने गोड बंद केलं, दुसऱ्याने उपास सांगितले, तिसऱ्याने ताट सात दारांआड कोंडलं. ताट सातही दारं ओलांडून न्हाणीघरात आलं आणि म्हणालं, “अंगाला साबण लागलाय तोवर एक करंजी तरी?” राजाने ओल्या हातानेच ती घेतली. तिन्ही वैद्यांनी आपापले बटवे उचलले.

मग कुमुदा नावाची वैद्यीण आली. तिच्या खांद्यावर एक साळुंकी बसलेली असे. जे पाहिलं तेवढंच सांगायचं, हा त्या पाखराचा नेम. कुमुदेने नाडी पाहिली नाही की जीभ पाहिली नाही. ती समोर बसली आणि राजाचं जेवण पाहत राहिली. राजाचा एक हात नकाशावर होता, एक हात ताटात, आणि कान कारभाऱ्याकडे.

तिने विचारलं, “महाराज, आत्ता काय खाल्लंत?”

राजा गोंधळला. ताटाकडे पाहू लागला. ताट तोवर दुसऱ्याच पदार्थाने भरलं होतं.

“पुरणपोळी होती,” साळुंकी म्हणाली. “दोन होत्या.”

राजाला राग आला. “आता तुम्हीही काहीतरी बंद करणार, वैद्यीणबाई?”

“मी काही बंद करायला आले नाही,” कुमुदा म्हणाली. “तीन कामं सांगेन. केलीत तर राज्य राहील.”

“बोला.”

“पहिलं काम. पुढचा घास घेण्याआधी, भूक जिथे आहे तिथे हात ठेवा.”

हे काय काम झालं! राजाने सवयीने पोटावर हात ठेवला. पोट नगाऱ्यासारखं तट्ट होतं. भूक तिथे नव्हती. हात वर सरकला, आणखी वर सरकला, आणि छातीवर येऊन थांबला. लढाईत न घाबरलेला राजा तिथे घाबरला.

“तिथे काय आहे?” कुमुदेने हळू विचारलं.

राजा म्हणाला, “आई गेली तेव्हा मी लहान होतो. तिच्यामागे दाया भरवायच्या. मी रडलो की घास, हसलो की घास. रडू नको म्हणून घास. तेव्हापासून इथे रिकामंच आहे.”

राणीसाहेबांनी पदर डोळ्यांना लावला. इतकी वर्षं संसार केला, पण हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कुमुदेने उपदेश केला नाही. “सांगितलंत, बरं झालं,” एवढंच म्हणाली.

“दुसरं काम,” ती पुढे म्हणाली. “एकच घास. डोळे मिटून. साळुंकी किल्ल्याला फेरी घालून परत येईल तोवर गिळायचा नाही. त्यात काय सापडतं ते सांगायचं.”

साळुंकी उडाली. राजाने वरणभाताचा घास तोंडात घेतला. ताटाने एकच गिल्ला केला, “अहो, चावताय काय असे! गिळा! मागे श्रीखंड ताटकळलंय!” राजा चावत राहिला. आधी मीठ लागलं, मग तांदळाचा गोडवा लागला, आणि त्यामागून काहीतरी अनोळखी आलं. राजाने भुवया आकसल्या.

साळुंकी परतली तसा त्याने घास गिळला. म्हणाला, “याला बाभळीच्या लाकडाचा धूर लागलाय. माझ्या मुदपाकखान्यात चंदन जळतं. हा भात माझा नव्हे. मग कुणाचा?”

“खालच्या वेशीजवळ एक घर आहे,” साळुंकी म्हणाली. “चुलीवर हंडी आहे. हंडी रिकामी आहे. पोरं तिच्यात वाकून बघताहेत. आई म्हणते, आत्ता तर भात शिजवला होता. शेजारच्या घरीही तसंच आहे. त्याच्या शेजारीही.”

राजाला सगळं कळलं. इतके दिवस तो आपल्या प्रजेच्या चुलीवरचं खात होता, आणि ते त्याच्याही अंगी लागत नव्हतं. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “पुरे!” तो ओरडला. “पुरे! पुरे!” त्याने ताट उचलून खिडकीबाहेर भिरकावलं.

ताट दारातून परत आलं. “असं नका बाई चिडू,” म्हणालं, आणि काठोकाठ भरलं. त्याच क्षणी दोरा तुटून अंगठी नखापर्यंत घसरली. राजाने डावी मूठ घट्ट आवळली. इतक्यात कराळ मांत्रिक दरबारात शिरला. काखेत स्वतःचा लोड होता, सिंहासनाला टेकायला.

“ताटाने ऐकलं का नाही?” राजाने कासावीस होऊन विचारलं.

“ते लाजेचं पुरे होतं, महाराज,” कुमुदा म्हणाली. “ताटाला पोटाचं पुरे हवं. ते घासागणिक पोटाला विचारून मिळतं, स्वतःला मारून मिळत नाही. तिसरं काम तेच. जेवा, आणि पोट म्हणेल तेव्हा थांबा.”

“लोकांच्या तोंडचा घास खाऊ?”

“त्यांच्या हंड्या भरायच्या तर तुमचं जेवण याच ताटावर संपायला हवं.”

राजा पाटावर बसला. नकाशा दूर केला, कारभाऱ्याला गप्प केलं. “ज्या घरचं हे अन्न आहे, त्या घराला माझा नमस्कार,” असं म्हणून त्याने पहिला घास घेतला. चावला. थांबला. पोटाला विचारलं. दुसरा घेतला. भाकरी भाकरीसारखी लागली आणि ठेचा ठेच्यासारखा, आणि एवढ्यानेच राजाला भरून आलं. किती दिवसांनी तो जेवत होता!

काही घासांनी पोट बोललं. आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता. राजाचा हात थांबला.

तेव्हा ताटाने आचाऱ्याचा आवाज काढला. “धनी, मन लावून केलंय. टाकलंत तर जीव देईन.” राजा म्हणाला, “सुंदर झालंय. पुरे.” ताट थरथरलं.

मग ताटाने राणीचा आवाज काढला. “माझ्यासाठी एवढा लाडू!” राणीसाहेब मागून घाईघाईने ओरडल्या, “मी नाही हो बोलले!” राजा हसला. म्हणाला, “पुरे.” ताटाला बारीक तडा गेला.

मग ताट अगदी हळू बोललं, आणि तो आवाज राजाने लहानपणानंतर ऐकला नव्हता. “माझ्या सोन्या, आईच्या हातचा एक घास.” ताटात दूधभात होता. वर साखर होती.

राजाचा हात उचलला गेला. मांत्रिक लोडासकट पुढे सरकला. इथे दुसऱ्याने बोलून उपयोग नव्हता. राजाने तो हात छातीवर ठेवला, मग पोटावर ठेवला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“आई,” तो म्हणाला, “तुझी आठवण येते. फार येते. पण पोट भरलंय गं. पुरे.”

ताट उभं दुभंगलं. राज्यातल्या हंड्या एकदम भरल्या आणि घरोघरी झाकणं खणखणली. वेशीजवळच्या घरात पोरं ओरडली, “आला! भात आला!” राजाने मूठ उघडली. राजमुद्रा तळहातावर होती, गळून पडलेली नव्हती.

शापाला आता दुसरं घर नव्हतं, म्हणून तो मांत्रिकाकडे वळला. दुभंगलेल्या ताटातून एक लाडू उतरला आणि त्याच्यामागे गडगडत निघाला. “एवढा एक घ्याच की! आमची शपथ!” मांत्रिक लोड टाकून धावत सुटला. सीमेवरच्या पहारेकऱ्यांनी दोघांना जाताना पाहिलं. तोवर लाडू पुढे गेला होता, असं ते सांगतात. किल्ल्यावर नगारे वाजले, आणि लोक रस्त्यावर येऊन एकमेकांच्या हातचं खात नाचले.

राजाने कुमुदेला माणकं देऊ केली. ती म्हणाली, “त्यापेक्षा एक आज्ञा काढा.” तशी दवंडी पिटली, की आजपासून या राज्यात कुणी ‘पुरे’ म्हटलं तर ते खरं मानावं. आग्रह करणाऱ्यांना जड गेलं. काही जणांना तर ताप आला, पण उतरला.

राजाच्या अंगावर मूठभर मांस चढू लागलं. एके दुपारी तो पत्रावळीवर जेवत होता. त्याने हात आडवा धरला आणि पोळी घेऊन आलेल्या राणीसाहेब जागच्या जागी थांबल्या. पोळी त्यांच्या हातातच राहिली. राजाने डोळे मिटले. पोट काय म्हणतं ते ऐकत होता. मग त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, “राणी, अर्धी वाढा. आज मला खरीच भूक लागली आहे.”

राणीसाहेबांनी बरोबर अर्धी वाढली आणि तिथेच बसून आनंदाने रडल्या. राजा जेवला, राज्य जेवलं. ऐकणाऱ्यांनाही भुकेपुरतं मिळो आणि मिळालेलं अंगी लागो.