ङची कोरी चौकट

पाटी पुसायला थुंकी लागायची, त्या काळची ही गोष्ट. एका बालवाडीच्या भिंतीवर रंगाऱ्याने अक्षरांना डोळे, हातपाय काढले आणि प्रत्येकाशेजारच्या चौकटीत एकेक सोबती दिला. कला कमळ मिळालं, खला खटारा, घला घर. ङची चौकट तेवढी कोरी राहिली.

"मला कोण?" ङ रोज विचारायचा.

"तुझं कुणी नाही रे," शेजारचा घ म्हणायचा. "पोरंसुद्धा तुला गाळूनच पुढे जातात."

मग ङ रंगाऱ्याची वाट बघत बसायचा. असं वर्ष गेलं.

एक दिवस बालवाडीत यमू आली. तिची आई नुकतीच वारली होती. कमळ, घर सगळं सोडून ती रोज ङच्या कोऱ्या चौकटीपाशी जायची, तिथे हात ठेवायची आणि हळूच म्हणायची, "आई, आले गं मी."

दिवाळीनंतर रंगारी डबे घेऊन आला. "अरेच्चा, ही राहिलीच की!" म्हणत त्याने ब्रश रंगात बुडवला.

ज्याची इतकी वाट पाहिली तो समोर उभा होता. ङने डोळे गच्च मिटले.

"नको रे बाबा," तो म्हणाला, "इथे कुणीतरी राहतंय."