खांबावरचा चुंबक

एका गावात एक वृद्ध प्लंबर राहत होता, अशी सुरुवात केली की लोक हसतात. दृष्टांतात ऋषी असावा, निदान एखादा साधू तरी. नळ जोडणारा माणूस कसला ज्ञानी? पण मी ज्यांची गोष्ट सांगतो आहे ते मुजावरचाचा पंचेचाळीस वर्षं पाण्याला वाट काढून देत होते, आणि इतकी वर्षं पाण्याशी व्यवहार करून ज्याला शहाणपण येत नाही, त्याला ते हिमालयात जाऊनही येणार नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

चाचांच्या हाती त्या वेळी एक पुण्यकर्मच आलं होतं. गावातल्या एका धर्मादाय संस्थेनं डायलिसिसचं केंद्र काढायचं ठरवलं. मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं आठवड्यातून दोनदा-तीनदा साठ किलोमीटरवरच्या शहरात जात, आणि परत येताना एस.टी.च्या खिडकीला डोकं टेकून निपचित पडून राहत. त्यांची सोय गावातच व्हावी म्हणून संस्थेनं लोखंडी सांगाड्याची एक मोठी शेड भाड्यानं घेतली. यंत्रं आली, खाटा आल्या. सोमवारी पहिले सहा रुग्ण यायचे होते. राहिलं होतं ते शुद्ध पाण्याच्या पाइपलाइनचं काम, आणि त्यातच एक मेख होती. शेडच्या मालकानं करारात लिहून घेतलं होतं की सांगाड्याच्या लोखंडाला एकही भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगची एक ठिणगीसुद्धा उडवायची नाही.

मग पाइप अडकवायचा कशाला? चाचांनी यावर चुंबक काढले. बशीएवढे गोल, एका अंगाला रबराचं आवरण आणि दुसऱ्या अंगाला पाइप धरणारा पट्टा. लोखंडी तुळईच्या पोटाला चुंबक लावला की तो चिकटतो, पट्ट्यात पाइप बसवायचा, काम झालं. भोक नाही, ठिणगी नाही. संस्थेचे कार्यवाह अण्णासाहेब मगदूम यांनी शिडीवर चढून स्वतः एक चुंबक ओढून पाहिला. तो हलेना, तेव्हा ते खूश होऊन खाली उतरले.

चाचांच्या हाताखाली श्रीपती वायचळ नावाचा शिष्य होता. शिष्य म्हटलं की कोवळा मुलगा डोळ्यांसमोर येतो, पण श्रीपतीची चव्वेचाळिशी उलटली होती. वीस वर्षं त्यानं यंत्रमागावर कापड विणलं. कारखाना बंद पडला तेव्हा तो चाचांच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चाचा, मला शिकवा." चाचांनी त्याला ठेवून घेतलं. पण आठ महिने झाले तरी गड्याच्या हाताला काम काही लागेना. शिडीवर चढला की पाय लटपटत, पाना फिरवताना आटे चुकत, घाई केली की हातातली वस्तू खाली. बरोबरची माणसं त्याला 'वायचळ, सांभाळून चळ' म्हणून चिडवत, आणि तोही बिचारा त्यांच्याबरोबर हसत असे. घरी जाऊन मात्र बायकोला सांगत असे, "माझ्यानं हे न्हाई हुयाचं. या वयात नवी विद्या लागत न्हाई अंगाला."

शुक्रवारी दुपारी चाचांनी छताखालची आडवी लाइन स्वतः पुरी केली आणि कोपऱ्यातल्या खांबावरून खाली येणारा उभा पाइप श्रीपतीवर सोपवला. श्रीपतीनं मन लावून काम केलं. प्रत्येक चुंबक खांबाला लावला की तो दोन्ही हातांनी ओढून पाहायचा, आणि एकही सुटला नाही. मग त्यानं पाइप बसवला आणि पाणी सोडलं. तासाभरानं पाहतो तर काय! चुंबक खांबाला चिकटलेलेच होते, पण पाण्यानं भरलेल्या पाइपसकट वीतभर खाली घसरले होते. वरचा सांधा उघडला होता, आणि नव्या कोऱ्या फरशीवर पाण्याचं थारोळं साचलं होतं. नशीब एवढंच की यंत्रं त्या टोकाला नव्हती.

अण्णासाहेब स्वभावानं वाईट नव्हते, पण सोमवार तोंडावर आला होता आणि सहा घरांना त्यांनी शब्द दिला होता. ते श्रीपतीच्या देखतच चाचांना म्हणाले, "चाचा, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण हा माणूस उद्यापासून इथं नको. इथं माणसांच्या रक्ताशी गाठ आहे. दुसरा कोणी बघा, नाहीतर मी बघतो."

श्रीपती फडक्यानं पाणी टिपत होता. त्याचा हात थांबला, पण त्यानं मान वर केली नाही.

चाचा म्हणाले, "अण्णा, उद्या दुपारपर्यंत त्याला राहू द्या. मग तुम्ही सांगाल तसं."

शनिवारी सकाळी श्रीपती आला तो जवळजवळ निरोप घ्यायच्या तयारीनंच. त्यानं पिशवीतून पाना काढला, तोच चाचांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. मग शेडच्या मधोमध एक खुर्ची आणून ठेवली आणि म्हणाले, "बस हितं."

"आणि काय करू?"

"काय करू नगंस. वर बघ."

श्रीपतीचा चेहरा पडला. सगळ्यांच्या देखत खुर्चीत बसवणं म्हणजे शाळेतल्या अंगठे धरण्यासारखीच शिक्षा, असं त्याला वाटलं असणार. बाकीची दोन माणसं काम करता करता तिरप्या डोळ्यानं पाहत होती. अण्णासाहेब आले, त्यांनी हा थाट पाहिला आणि कपाळाला हात लावला. "वा चाचा! हाताला काम येत नाही म्हणून आता खुर्ची दिलीत होय? चांगली बढती आहे."  चाचा आपले खांबाशी बसून सांधा साफ करत राहिले.

अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून श्रीपती वर बघत राहिला. आडव्या लाइनीत चाचांनी पाणी भरून ठेवलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याची नजर जाई आणि परत येई. हळूहळू तो खुर्चीत पुढे सरकून बसला. मग उठला, चार पावलं डावीकडे गेला, एक डोळा मिटून पाहिलं, पुन्हा येऊन बसला. काहीतरी सांगायचं होतं, पण धीर होईना. कारण जे दिसत होतं ते गुरूच्या हातचं काम होतं, आणि आपण तर कालच फरशीचं तळं केलेलं!

शेवटी तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "चाचा, रागावू नगा. तिसऱ्या नि चौथ्या चुंबकाच्या मधी पाइपला झोळ हाय."

"किती?"

"असंल बोटभर. कमीच."

दुसरा एखादा उस्ताद असता तर 'मला शिकवतोस काय' म्हणून अंगावर धावला असता. चाचा उठले. दोन माणसांना त्यांनी पारदर्शक नळी घेऊन शिडीवर चढवलं, नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी मापली. झोळ होता. बोटभराला थोडा कमी. शुद्ध पाण्याच्या लाइनीत असा झोळ राहिला तर तिथं पाणी साचून राहतं, साचलेल्या पाण्यात जंतू होतात, आणि ते पाणी पुढं यंत्रात जातं. चाचांनी वर चढून तिसरा चुंबक कडेनं उचकटून काढला, हातभर पुढे लावला, मध्ये आणखी एक घातला. तुळईवर मागं साधा ओरखडाही राहिला नाही.

मग त्यांनी शिडीवरूनच पाण्याचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन मागवले. एक चुंबक तुळईच्या पोटाला लावून त्याला कॅन टांगला. चुंबक ढिम्म हलला नाही. दुसरा कॅन टांगला, तरी नाही. तोच चुंबक काढून, खाली उतरून त्यांनी खांबाला लावला आणि दोन्ही कॅन अडकवले. सगळ्यांच्या देखत तो चुंबक खांब न सोडता सावकाश खाली खाली घसरत गेला आणि कॅन फरशीला टेकले.

"श्रीपती, काल तू चुंबक कसा पारखलास?"

"ओढून बघितला, चाचा. रेटून ओढला. सुटला न्हाई."

"न्हाईच सुटायचा. पण खांबावर त्याला कोण ओढणार हाय? तिथं वजन त्याला खाली सरकवतंय. ओढणं येगळं, घसरणं येगळं. तुळईखाली याच्याएवढा खंबीर गडी न्हाई. खांबावर त्याचा निम्माबी जोर लागत न्हाई. यात चुंबकाची चूक हाय व्हय?"

"न्हाई. माझी चूक हाय. लावणाऱ्याची."

"बरोबर. लावणाऱ्याची." चाचांनी तो चुंबक खांबावरून काढून हातात घेतला.  "आणि तुला लावणारा कोण? मी. आठ म्हैनं तुला शिडीवर चढवला, घाईची कामं दिली, नि तू घसरलास की मनात म्हणायचो, ह्याच्यात दम न्हाई. वीस वर्षं तू मागावर बसून हजार धाग्यांतला एक ढिला धागा नुसत्या नजरेनं धरलास. ती नजर मी एक दिवस मागितली न्हाई तुझ्याकडं. काल रात्री घरी जाऊन त्या खांबाचा इचार केला तवा ध्यानात आलं. तुझं बळ एकीकडं, नि मी वजन टाकलं दुसरीकडं."

हे ऐकताना श्रीपतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि सांगायला लाज कसली, चाचांच्या तोंडून ही हकीकत ऐकताना माझ्याही. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. 'याच्याच्यानं काही होणार नाही' असा शेरा मी किती जणांवर मारला असेल, देव जाणे. मी प्रत्येकाला ओढून पाहिलं आणि भलत्याच जागी लावलं. शिवाय तो घसरला म्हणून त्यालाच बोल लावला.

असो. त्या दिवशी दुपारी दोघांनी मिळून खांबावरचा पाइप नव्यानं बसवला. चुंबक तेच होते. फक्त खाली फरशीवर एक भक्कम लोखंडी बैठक ठेवली आणि पाइपाचं टोक तिच्यावर टेकवलं. सगळं वजन फरशीनं घेतलं. खांबावरच्या चुंबकांना एवढंच काम उरलं की पाइप डोलू नये, आणि तेवढं ते आनंदानं करू लागले. पाइप ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा, आहे की नाही हे शिडीवरच्या माणसाला श्रीपती खालून सांगत होता. "जरा उजवीकडं. हां, लई झालं. आता बरोबर." आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा आवाज शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेला.

पाणी सोडलं. सगळे घड्याळाकडे पाहत उभे राहिले. एक तास झाला, दोन झाले. श्रीपतीनं चुंबकाच्या कडेला खांबावर पेन्सिलीनं खूण केली होती. चुंबक त्या खुणेवरून केसभरही हलला नव्हता. फरशी कोरडी होती.

चार वाजता अण्णासाहेब आले. त्यांनी खांब पाहिला, वरची लाइन पाहिली. नवा चुंबक दिसताच विचारलं, "हा एक वाढवलात का?"

चाचा म्हणाले, "माझी चूक झाली होती, अण्णा. लाइनीत झोळ राहिला होता. तुमच्या माणसांच्या रक्तात घाण पाणी गेलं असतं. मला दिसलं न्हाई. यानं धरलं."

पंचेचाळीस वर्षं हेच काम केलेला उस्ताद चारचौघांत आपली चूक सांगतो, हे अण्णासाहेबांनी कधी ऐकलं नव्हतं. ते बराच वेळ वर बघत राहिले. आपल्याला काही दिसतंय का, हे त्यांनी एक डोळा मिटूनही पाहिलं. दिसलं नाही. मग ते श्रीपतीकडे वळले, आणि काल ज्याला 'हा माणूस' म्हणाले होते त्याला म्हणाले, "वायचळ, सोमवारी यंत्रं सुरू होतील तेव्हा तुम्ही इथं असाल ना?"

श्रीपतीनं सवयीनं चाचांकडे पाहिलं. चाचांनी मुद्दाम तोंड दुसरीकडे फिरवलं.

"असतो की अण्णा," श्रीपती म्हणाला. तो हसत होता. "माझी खुर्ची तेवढी काढू नगा."

सोमवारी सकाळी सात वाजता पहिल्या रुग्णाला, एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंना, आत आणलं तेव्हा शेडच्या मधोमध एक माणूस खुर्चीत बसून छताकडे पाहत होता. बाईंनी विचारलं, "हे कोण?" चाचा म्हणाले, "आमचे वायचळ. त्यांनी पाणी बघितलंय, आता तुम्ही निवांत पडा."

आपल्या हाताखालचं कोणी सारखं घसरत असेल, तर त्याला काढून टाकण्याआधी आपण त्याला कुठं लावलं आहे, एवढं एकदा नीट पाहून घ्यावं.