काचघरातली पानवेल

दोष म्हाताऱ्याचा होता. उन्हाचा नाही, काचेचा नाही, आणि त्याच्या लेकीचा तर मुळीच नाही. गावातली थोर मंडळी पुढे बरीच वर्षं "दैवच तसं, दुसरं काय" असं म्हणत माना हलवत राहिली, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तर कोणे एके काळी, एका राज्याच्या अगदी कडेला, पानमळ्यांचं एक गाव होतं. घरटी एक मळा, मळ्यात शेवरीची झाडं, आणि शेवरीच्या अंगावर चढलेली नागवेल. गावाचं पोट त्या पानांवर चालायचं. मळ्यात शिरायचं ते अनवाणी, अशी रीत होती. वेलीच्या बाबतीत शेवटचा शब्द घरातल्या थोरल्याचा, अशीही रीत होती. थोरलाच चुकला तर काय करायचं, हे मात्र कुठल्याच रीतीत सांगितलेलं नव्हतं.

या गावात हा म्हातारा राहायचा. बायको जाऊन बराच काळ लोटला होता, घरात तो आणि त्याची एकुलती एक लेक. राजवाड्याची जुनी तावदानं मोडीत निघाली तेव्हा त्याने ती गाडीत घालून आणली आणि घरामागे काचेची खोली उभी केली. भिंती काचेच्या, छप्परही काचेचं.

"थोरले, आत काय विंचू पाळणार का?" लोकांनी विचारलं.

"बघाल," म्हातारा म्हणाला.

आणि लोकांनी बघितलं. त्या हिवाळ्यात पाटातलं पाणी गोठलं. सकाळी मळ्यात जावं तर पानं काळी ठिक्कर, जाळून टाकल्यासारखी, आणि वेली मुळापर्यंत मेलेल्या. सगळ्या गावात हिरवी राहिली ती फक्त म्हाताऱ्याच्या काचघरातली वेल. दार घट्ट लावून, फटींत चिंध्या कोंबून त्याने ती वाचवली होती. हे श्रेय त्याचंच. ते कोणी काढून घेत नाही.

पण तेवढ्यावर त्याची मान ताठ झाली ती झालीच.

पाऊसकाळ लागला की याच वेलीचं बेणं तोडून घरोघर लावायचं, असं ठरलं. गावाचा सगळा जीव आता त्या एका खोलीत होता.

मग उन्हाळा आला. काचेतून ऊन आत शिरायचं, पण बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. दुपारी दार किलकिलं केलं तरी भट्टीसारखी वाफ तोंडावर यायची. कोवळी पानं कडेने करपायला लागली.

"आबा, आत पाय ठेववत नाही," लेक म्हणाली. "वरची तावदानं काढू या. फटींतल्या चिंध्याही काढू."

"थंडीत काढल्या असत्या म्हणजे?"

"आता थंडी कुठंय?"

"तू मला ऋतू शिकवणार? तुझ्या जन्माआधीपासून वेल सांभाळतोय मी."

"मग मळ्यात शेवरी कशाला लावत होतात? वेलीला सावली हवी म्हणूनच ना?"

"तो मळा. हे काचघर. बंद ठेवलं म्हणून वेल जगली. झालं, संपला विषय."

थोरल्यांना असा विषय संपवता येतो. ऊन संपवता येत नाही.

लेक गप्प बसणारी नव्हती. तिने पांढरी माती पाण्यात कालवली आणि शिडी लावून छपराच्या काचेवर जाड लेप दिला. आत जमिनीवर पाणी शिंपडलं. त्या दुपारी वेलीने जरा मान वर केली. म्हाताऱ्याने ते पाहिलं. हो, पाहिलं! पण दुसऱ्या दिवशी वरच्या गावची मंडळी काचघर बघायला आली, त्यांना मळकट काचेतून धड काही दिसेना, आणि त्यातला एक जण हसून म्हणाला, "थोरले, राजवाड्याच्या काचेला गोठ्याची कळा आणलीत की!"

मंडळी गेल्यावर म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने काच धुऊन लखलखीत केली.

"आबा, तुम्हाला वेल जगवायची आहे की दाखवायची आहे?"

"जीभ आवर."

वरच्या गावाने त्याला सत्काराला बोलावलं. वेल कशी राखली ते चार लोकांना सांगा, म्हणाले. म्हातारा पहाटेच पागोटं बांधून निघाला. लेक दारात उभी होती. तिच्या मनात काय आहे, ते त्याला कळलं. कळलं म्हणूनच तो थांबला आणि म्हणाला, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. मी येईपर्यंत काचघराला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

असं बोलून बाप निघून गेला. पोरीच्या गळ्यात फास अडकवायचा, आणि त्याला शपथ म्हणायचं.

वरच्या गावात मांडव होता. ऊन चढलं तशी मांडवाची सावली सरकली आणि म्हाताऱ्याच्या पाठीला चटका बसला. "अरे, बैठक जरा आत घ्या," तो म्हणाला. बैठक आत घेतली. "आणि मागचा पडदा वर बांधा, वारा येऊ द्या." पडदा वर बांधला. एकाने पंखा हलवायला घेतला. मग म्हाताऱ्याने थंडगार पन्हं पिऊन, मिशा पुसून, दार बंद ठेवल्याने वेल कशी वाचते ते तपशिलात सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या.

मागे वेल शिजत होती.

तो उन्हं कलताना परतला. घरामागे आला तर अंगणभर काचा पडलेल्या. छपराला भगदाडं. लेक पायरीवर बसलेली, हाताला चिंधी बांधलेली, शेजारी वरवंटा.

"काच कुणी फोडली?" म्हातारा ओरडला.

वेलीचं काय झालं, हे त्याने विचारलं नाही. पहिला शब्द काचेचा निघाला. पुढे आयुष्यभर त्याला सगळ्यात जास्त डाचलं ते हेच.

"मी फोडली," लेक म्हणाली. "सकाळपासून बाहेरून पाणी मारत होते. ओली पोती टाकली, ती बघता बघता वाळली. आतली पानं एकेक करून माना टाकायला लागली तरी मी शपथ धरून बसले, आबा. दुपार टळल्यावर मोडली. सकाळीच मोडायला हवी होती."

म्हातारा आत गेला. पानं उकडलेल्या भाजीसारखी देठांना लोंबत होती. खोड दाबून पाहिलं, तर बोटाखाली पिचलं. "मुळातून फुटेल," तो म्हणाला. "नागवेल चिवट असते."

दुसऱ्या दिवशी लेकीने कपड्यांचं गाठोडं बांधलं.

"कुठं निघालीस?"

"घाटात, मावशीकडे."

"आणि मी?"

"तुम्ही जिवंत आहात, आबा. शपथ मोडूनसुद्धा. मला दिवसभर तीच भीती होती, आणि ती तुम्ही घातली होती."

त्याच्या ओठांवर "चुकलं माझं" आलं होतं. पण लेकीसमोर थोरल्याने असं कसं म्हणायचं? तो खाकरला आणि पागोटं नीट करत राहिला. तेवढ्यात ती वळणापलीकडे गेली.

म्हाताऱ्याने मुळांना पाणी घातलं, खत घातलं, स्वतः सावली धरून बसला. काही फुटलं नाही. पाऊसकाळ लागला तेव्हा गावकरी बेण्यासाठी टोपल्या घेऊन आले, काचघरात डोकावले, आणि रिकाम्या टोपल्या घेऊन निघून गेले. कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं. नंतर एकेक मळा मोडला, आणि पानवाल्यांची पोरं परगावी माती वाहायला जाऊ लागली.

म्हाताऱ्याने घाटात दोनतीनदा निरोप धाडला. "बरी आहे म्हणावं," एवढंच उलटून आलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने शिडी लावली आणि उरलेली तावदानं हळूहळू, जपून काढली. आत वारा खेळू लागला. खोलीत काहीही नव्हतं.

चूक दाखवणाऱ्या लेकराचं तोंड जो बंद करतो, त्याला पुढे चूक दाखवायलाही कोणी उरत नाही.

म्हाताऱ्याची वेल गेली, गावाचे मळे गेले, आणि लेक पुन्हा त्या घरी आली नाही.