साहेबांचं ट्यँहा ट्यँहा

ऐका गं बायांनो, एका काचेच्या इमारतीत एक कंपनी होती. तिथे शलाका नावाच्या इंजिनिअरने बाळ का रडतंय ते ओळखणारं यंत्र केलं. पण तिच्या तान्ह्या ईराला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून तिने ऑफिसात पाळणाघर मागितलं.

गजेंद्रगडकर साहेब गरजले, "हे ऑफिस आहे, बारशाचा मांडव नाही! बाळ कंपनीचं काम करील, त्या दिवशी मी स्वतः पाळणा टांगीन."

बिचारी शलाका ईराला कुशीत घेऊन राजीनामा द्यायला आली. नेमके तेव्हाच एका बड्या इस्पितळाचे डॉक्टर यंत्र बघायला आलेले.

"पण रडणारं बाळ कुठाय?" त्यांनी विचारलं.

"त्यात काय एवढं!" म्हणत साहेब स्वतःच यंत्रापुढे रडले, "ट्यँहा! ट्यँहा!"

यंत्रावर अक्षरं उमटली, 'हे बाळ नाही.'

तेवढ्यात कुशीतल्या ईराने खरंखुरं भोकाड पसरलं. यंत्र म्हणालं, 'भूक.' शलाकाने दूध पाजताच ईरा गप्प. डॉक्टरांनी तिथल्या तिथे यंत्रं मागवली.

साहेब खुशीत म्हणाले, "वा! आता राजीनामा कसला देतेस?"

शलाका हात जोडून म्हणाली, "साहेब, आज तुम्ही आणि ईराने एकच काम केलंत. ती पास झाली, तुम्ही नापास. नापासाला एवढी मोठी केबिन आहे, मग पास झालेलीला निदान पाळणा?"

डॉक्टर खो खो हसले. साहेबांनाही हसू फुटलं आणि ते दोरी घेऊन स्टुलावर चढले.

बाळकृष्णा, ईराला मिळाली तशी जागा कामाला जाणाऱ्या प्रत्येकीच्या लेकराला मिळू दे रे!